एकतिसावं पान

मूर्तिजापूरच्या वाचनालयाचा शंभर वर्षांचा इतिहास लिहिताना धर्मपाल गुरुजींनी शेवटचं वाक्य आधीच लिहिलं: ‘इथलं प्रत्येक नवं पुस्तक चाळीस वर्षं मीच पहिल्यांदा वाचलं.’ वाचलेलं पुस्तक ओळखू यावं म्हणून एकतिसाव्या पानावर आपापली खूण करायची, ही वाचकांची जुनी रीत. गुरुजींची खूण पेन्सिलीचा ठिपका. यंदा मात्र प्रत्येक नव्याकोऱ्या पुस्तकात त्यांच्याआधीच कुणाची तरी फुली असायची. गुरुजींना अन्न गोड लागेना. शेवटी त्यांनी पुस्तकांना खाकी कव्हरं चढवणाऱ्या गोदाबाईंनाच विचारलं, “ही फुली कोनाची?” “माह्यीच. वाचल्याबिगर कव्हर चढवाले मन नाही होत, गुरुजी.” गुरुजी हसले, “बरं हाये,” म्हणाले आणि दुपारभर कोपऱ्यात बसून रबरानं एकेक फुली खोडत राहिले. पुढच्या महिन्यात नवं पुस्तक आलं. गुरुजींनी घाईघाईनं एकतिसावं पान उघडलं. फुली होतीच. आता बॉलपेनची.