मधला चौकोन

"मधला चौकोन मोकळाच ऱ्हाऊ दे," ठकुबाई सुनेला म्हणाल्या.

रतनची सुई थांबली. मांडीवर दोसुती कापडाची लांब पट्टी होती. तिच्यावर फुलीच्या टाक्याने हंगामाहंगामाची फुलं उतरली होती. उन्हाळ्यातला मोगरा, श्रावणातला तेरडा, भादव्यातली सोनकी, दसऱ्याचा झेंडू, थंडीतली शेवंती, शिमग्याचा पळस. पळसाची बाकदार पाकळी फुल्यांत बसेना, ती उसवून पुन्हा काढली होती. मधोमध मात्र कोरं कापड होतं.

"गुलाब घालू का, आत्याबाई? भोरच्या शाळेत बाईंनी शिकवलाय."

"तोरणा गडाखाली गुलाब कुठं फुलतो, पोरी? मेंगाईला ज्या फुलाची ओंजळ वाहिली, तेच कापडावर घ्यायचं. नेम म्हंजी नेम."

नेम सासूबाईंचा होता. लग्न होऊन आल्यापासून रतननेही तो मनापासून पाळला होता. फूल आधी गडावर देवीच्या पायाशी ठेवायचं, मग सुईत दोरा ओवायचा. पण मग वाहायचं राहिलेलं ते फूल कोणतं? विचारायचा तिला धीर झाला नाही. 'मोकळा' हा शब्दच तिला टोचला होता. तिची कूस अजून उजवली नव्हती. आणि सासूबाईंच्या नणंद धोंडाबाई दसऱ्याला भोरहून येणार होत्या. रतनच्या नवऱ्याला, हैबतीला, दुसरी बायको करा, मुलगी मी बघून ठेवलीय, असा निरोप त्यांनी आधीच धाडला होता. ठकुबाईंनी त्यावर हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.

पट्टी देवघरावर लावायची असं रतन धरून चालली होती. म्हणून तिने मागची बाजूही स्वच्छ ठेवली होती. देव कुठल्या बाजूने बघेल, कुणी सांगावं? पण ठकुबाईंनी पट्टी आपल्याकडे घेतली. आपल्या लग्नातल्या लुगड्याचा तांबडा काठ फाडून तिला चारी बाजूंनी शिवला. धनगरवाड्यातल्या फुलाबाईकडून लोकर आणून खाली गोंडे लावले. तोरण झालं. दसऱ्याच्या सकाळी त्यांनी हैबतीला हाक मारली.

"भायेरच्या दारावर ठोक."

"आत्याबाई, सगळ्या गावाला दिसंल," रतन हळूच म्हणाली.

"दिसू दे की."

रतन आत गेली. चुलीपुढे बसून तिने डोळे पुसले.

ऊन वर आलं तशी बैलगाडी दारात थांबली. धोंडाबाई उतरल्या. रतन पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात आली. धोंडाबाईंची नजर तोरणावर गेली आणि त्या खुदकन हसल्या.

"वैनी, सून तुमची मोठी गुणाची! साऱ्या हंगामांची फुलं काढली, आन मधी आपलीच कूस काढून ठिवली!"

हैबती उठू लागला. ठकुबाईंनी त्याला हातानेच बसवलं.

"मग, कधी बोलवू पोरीच्या बापाला?" धोंडाबाईंनी विचारलं.

"वन्सं, आधी मागं वळून डोंगराकडं बघा. काय दिसतंय?"

"काय दिसायचं? कारवीचं रान."

"फूल हाय का?"

"आवो, ती सात वर्सांनी फुलती. औंदा कुठलं फूल?"

"म्हून त्या डोंगराला कुणी वांझ म्हटलेलं ऐकलंय का तुमी?"

ठकुबाईंनी रतनला जवळ घेतलं, तिच्या डोईवरचा पदर सारखा केला आणि तिच्यासकट तोरणाखाली उभ्या राहिल्या.

"तुमी येणार म्हूनच म्या ह्ये दारावर लावलंय. मधला चौकोन कारवीचा हाय, वन्सं. फुलंल तवा फुलंल. न्हाईच फुलली, तरी डोंगर आमचाच हाय."