चिंच आणि राख

युद्ध संपल्यावर पलटणीतून घरी परतलेल्या गुंडाने वाडवडिलांची तांब्याची शिवराई नाणी विकायचे ठरवले, ते आईच्या डोळ्यांसाठी. बनुबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. जुन्या नाण्यांचे शौकीन असलेल्या सांगलीच्या तात्यासाहेबांनी मागे ती नाणी पाहून शस्त्रक्रियेचा सगळा खर्च देण्याचा शब्द दिला होता. ठरल्या दिवशी आईला त्यांच्या ओसरीवर बसवून गुंडाने आत जाऊन तिनेच बांधून दिलेली पुरचुंडी सोडली, तर नाणी नव्या घागरीसारखी लखलखत होती.

तात्यासाहेबांचा चेहरा उतरला. "अरे, ही घासली कुणी? त्या काळ्या थरातच यांचं मोल होतं रे. आता अक्षरंसुद्धा पुसली गेली. मोडीच्या भावापलीकडे मी काय देऊ?"

गुंडाने पुरचुंडी पुन्हा बांधून खिशात घातली आणि बाहेर येऊन आईचा हात धरला.

"पसंत पडली न्हवं रं?" बनुबाईने उत्सुकतेने विचारले. "घरची लक्ष्मी पारोशी कशी धाडायची? चिंच आन् राख लावून घासली मी. बोटांस्नी गुळगुळीत लागंस्तवर सोडली न्हाईत."

"लय पसंत पडली, आये."

म्हातारी लहान मुलीसारखी हसली.



"मग डोळं बरं झालं की एकडाव हितं घेऊन ये मला. किती उजळल्यात, ते माझंच बघायचं ऱ्हायलंय."