वाक्यात उपयोग

डगमगत्या स्टुलावर चढून माळ्यावरची बॅग ओढताना बायकोने हाक मारली, "अहो, जरा स्टूल धरता का?"

"थांब गं, स्पॅनिशचा शब्द पाठ करतोय. भलताच भारदस्त आहे!"

दुसऱ्या हाकेला नुसतं "हो हो" आलं, तिसरीला तेही नाही. शेवटी जीव मुठीत धरून तिने एकटीनेच बॅग उतरवली आणि धुळीचे हात झटकत बाहेर आली.

"एवढा कसला शब्द?"

"आकुदिर!" नवरोबांची छाती फुगली. "शब्द एक, अर्थ तीन. हजर होणे, कुणाचा आधार घेणे आणि हाकेसरशी मदतीला धावून जाणे."

"अगंबाई, छानच की!"

ती आत गेली, बॅग पुन्हा माळ्यावर ढकलली आणि स्टुलावरूनच ओरडली, "अहो, आता वाक्यात उपयोग करा!"