झोपेतला हात

"झोपेत मारणं हा आजार असू शकतो," आरोग्य शिबिरात डॉक्टरबाई सांगत होत्या.

नवऱ्याने शेवंताला कोपराने ढोसलं. "बघ! झोपेतच हात लागतो, म्हणत होतो ना मी?"

"पण झोपेतला हात आंधळा असतो. भिंतीवरही आपटतो, स्वतःचीच बोटं मोडून घेतो," डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या.

शेवंताने त्याच्या हातांकडे पाहिलं. साधा ओरखडाही नव्हता. तिची पाठ, फासळ्या, मांड्या काळ्यानिळ्या होत्या. चेहरा मात्र स्वच्छ.

ती उभी राहिली. "बाई, झोपेतल्या माणसाला झाकल्या जागाच कशा हो सापडतात?"

मंडपातल्या सगळ्या माना नवऱ्याकडे वळल्या. नवऱ्याने ताडकन उठून तिच्या मुस्काटात ठेवून दिली.

ओठ फुटला. शेवंताने रक्त पुसलं नाही. सगळ्यांकडे तोंड वळवून म्हणाली, "नीट बघा. हा माणूस टक्क जागा आहे."