एकच टोला
फौजेच्या ऑर्केस्ट्रात असताना कारभारीअण्णांनी एका गाजलेल्या सिंफनीच्या रेकॉर्डिंगमध्ये झांज वाजवली होती, तीही एकदाच, शेवटाकडं. घरातल्या तबकडीला नेमका तिथंच चरा पडलेला; सुई टोला ओलांडून पुढं उडी मारायची. त्या जागी बायको उषाबाई पातेल्यांची दोन झाकणं आपटायच्या, “हा घ्या तुमचा टोला!” मंठ्यातली सारी गल्ली हसायची. यंदा तेच रेकॉर्डिंग नव्या तबकडीवर पुन्हा निघालं आणि लेकीनं ती घरी आणली. शेजारी जमले. उषाबाई झाकणं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात तयारच होत्या. व्हायोलिनं चढत गेली, सवयीनं त्यांचे हात वर गेले, पण झाकणं भिडायच्या आत झांज अशी कडाडली की कपबशा थरथरल्या. झाकणं हवेतच राहिली. अण्णा ताठ उभे राहिले. “ऐकलं का बराबर?” “बिलकुल न्हाई,” मनगटानं डोळे पुसत उषाबाई म्हणाल्या, “परत लावा!”