सत्तरीला शोभणारा राजा

"सर, हा शापूर आहे, तर याच्या मुकुटाला पंख कसे?"

मयुराने विचारलं आणि मागे खांबाला टेकलेल्या मेघा-रितिका या मैत्रिणींचं हसणं एकदम थांबलं. ती खरंच विचारेल असं दोघींना वाटलंच नव्हतं. सकाळपासून डिवचत होत्या, "दहावीतली पोरगी काय विचारन वं सरांले. हिंमत असन तर विचारून दाखव."

इतिहासाचे मार्तंड सर काचेच्या पेटीवर वाकून चांदीच्या ताटाखालची पाटी सरळ करत होते. ताट इराणचं, दीडेक हजार वर्षांपूर्वीचं. त्यावर घोड्यावर बसलेला एक राजा मागे वळून सिंहावर बाण सोडतोय. संस्थाचालक आनंदरावांनी ते परदेशातल्या लिलावातून आणलं होतं. उद्या त्यांना सत्तर वर्षं पूर्ण होणार, म्हणून त्यांच्याच संस्थेच्या सभागृहात त्यांच्याच ताटाचं प्रदर्शन, आणि पाहुण्यांना माहिती सांगायला त्यांच्याच शाळेतली मयुरा. पाटीवर सोनेरी अक्षरं होती: 'सत्तर वर्षे राज्य करणारा सम्राट शापूर दुसरा'.

"पंख?" सरांनी मान वर केली नाही. "कलाकाराची हौस असते, बेटा."

हौस म्हणे. आठ दिवसांपूर्वी याच सभागृहात याच सरांनी मुलींना शिकवलं होतं, की या राजांचे चेहरे बघू नका. चेहरे सगळ्यांचे सारखेच काढायचे, तीच दाढी, तेच मोठे डोळे. मुकुट बघा. प्रत्येक राजाचा मुकुट वेगळा आणि नाण्यावर मुकुटाशेजारी त्याचं नाव. ताटावरचा मुकुट नाण्याशी जुळवा, राजा सापडतो. मयुराला हे इतकं आवडलं, की त्या रात्री जेवताना तिने आईला सगळे मुकुट तोंडपाठ म्हणून दाखवले होते.

"पण सर, ते नाणं." तिने शेजारच्या पेटीकडे बोट केलं. तिथे नाणी मांडलेली होती, नावांच्या चिठ्ठ्या सरांच्याच अक्षरात. "शापूरच्या मुकुटाला किल्ल्याच्या तटासारखे दात आहेत. पंख नाहीतच. पंख आहेत खुस्रोच्या नाण्यावर, चंद्रकोरीसकट. ताटावर पण चंद्रकोर आहे, बघा ना."

सरांनी चष्मा काढला. मयुराला वाटलं, आता ते कपाळावर हात मारतील आणि पाटी काढून घेतील. तिला त्यांची थोडी दयाही आली. एवढी पीएच.डी. केली आणि एवढं साधं चुकलं.

सरांनी ताटाकडे पाहिलंच नाही. दाराकडे पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून.

"खुस्रोच आहे तो," ते हळूच म्हणाले. "पहिल्या दिवशीच ओळखला मी. पण त्याचं शेवटी काय झालं ते वाचलंस का?"

"नाही."

"पोराने गादीवरून ओढलं, कोंडलं आणि मारून टाकलं. आता हे मी आनंदरावांच्या सत्तरीला सांगू? त्यांचा मुलगा हार घेऊन शेजारी उभा असताना?" सरांना स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं. "शापूरने सत्तर वर्षं राज्य केलं. सत्तरीला तोच शोभतो. आणि शहरात पार जरीपटक्याच्या चौकापर्यंत फ्लेक्स लागलेत, पाहिलेस ना? एका बाजूला शापूर, एका बाजूला आनंदराव. तू पाठ केलंय तेवढं म्हण. छान म्हणतेस तू."

मयुराने त्यांच्याकडे नीट पाहिलं. इतका वेळ तिला ते चुकलेले वाटत होते. चुकलेल्याला निदान सांगता येतं. पण बरोबर उत्तर येत असताना ठरवून चुकीचं लिहिणारं पोरगं तिच्या अख्ख्या वर्गात नव्हतं. गणितात दोनदा नापास झालेला रोशनसुद्धा तसला नव्हता.

मेघा जवळ आली. "काय म्हनले वं सर?"

"येते त्यांले," मयुरा सरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "सगळं येते."

सर रुमालाने काच पुसू लागले.

पाच वाजता आईबाबा तालीम ऐकायला आले. पुष्पलताने मुलीचा इस्त्री केलेला ड्रेस हातावर आडवा धरला होता. प्रेमानंद आनंदरावांच्याच शाळेत चित्रकला शिकवायचे, अकरा वर्षं, तात्पुरते. पहिल्या रांगेत आपल्या नावाचा कागद चिकटवलेली खुर्ची सापडल्यावर ते तिच्यावर बसून बघत होते. मयुराने समोर उभं राहून पंख, खुस्रो, सरांचं उत्तर, एका दमात सगळं सांगितलं.



"राजा कोणता का असेना, बेटा," प्रेमानंद म्हणाले. "तो मेलेला आहे. मी जिवंत आहो. माझी परमनंटची ऑर्डर याच महिन्यात निघून राहिली. सही आनंदरावांची आहे."

"अन् एका नावानं काय होते वं?" पुष्पलता म्हणाली. "शापूर म्हन अन् मोकळी हो."

हाच बाप तिने लहानपणी काढलेल्या चित्रात नाक जरा सरकलं तरी खोडरबर हातात द्यायचा. चालते म्हणू नको, म्हणायचा, पुन्हा काढ. आता तो खुर्चीच्या हातावर नखाने रेघा ओढत होता आणि वर बघत नव्हता.

मयुराने आईच्या हातातून ड्रेस घेतला.

"उद्या मी ताटापाशी उभी राहीन," ती म्हणाली. "अन् खुस्रोच म्हणीन. त्याच्या पोरानं काय केलं ते कोणी विचारलं, तर तेही सांगीन. पहिल्या रांगेत बसाचं का घरी राहाचं, ते तुमी दोघं ठरवा."