मोंबासाचं बाळंतपण

तात्याबा फायलीवर बसला होता. अगदी खरोखर, बाजेवर मांडी ठोकून. खाली दगडाबाईचा पासपोर्ट, विमानाचं तिकीट आणि पुण्याला जाऊन टोचून घेतलेल्या पिवळ्या तापाच्या सुईचा दाखला. दारात गावातल्या उत्तरेश्वरची भाड्याची जीप हॉर्न मारत होती. विमान उद्या सकाळचं, आणि मुंबई काही पाटोद्याच्या बाजाराइतकी जवळ नाही.

"मी काय उठत न्हाई," तात्याबा म्हणाला. "बाईमाणूस एकटं समिंदरापार जायलंय, आन मी बघत बसू? लोक काय म्हंतील?"

तात्याबा म्हणजे दगडाबाईचा थोरला दीर. भाऊ वारल्यापासून या घरातला शेवटचा शब्द आपला, असं त्याचं स्वतःचं ठाम मत होतं. दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

दगडाबाईची एकुलती एक लेक संगीता आफ्रिकेत, केनियातल्या मोंबासाला होती. जावई लखन तिकडं बोअरच्या गाडीवर, पंधरा-पंधरा दिवस शहराबाहेर. संगीताला आठवा महिना. पहिलटकरीण. सातव्यातच माहेरी यायचं ठरलं होतं, पण रक्तदाब वाढला आणि डॉक्टरनं विमानात पाय ठेवायचा नाही म्हणून बजावलं. सासू लग्नाआधीच गेलेली. म्हणजे कळा सुरू झाल्या तर पोरीच्या उशाशी कुणी नाही. एवढी साधी गोष्ट, पण ती तात्याबाच्या टाळक्यात शिरेल तर शपथ.

"पयलं बाळंतपण म्हायेरी व्हतं," तो म्हणाला. "हितं. या घरात. आईनं बोचकं घिऊन लेकीच्या दारात जायाचं, ही कुठली रीत? लेकरू व्हईस्तोवर लेकीच्या घरचं पानी बी पीत न्हाईत."

"मंग काय तिनं रीत सांभाळायला कळा दाबून धराव्या?" दगडाबाई म्हणाली.

शेजारची छबुबाई दारात उभी होती. ती पदर तोंडाला लावून हसली. तात्याबा आणखीच चिडला.

"तुला परळीच्या ष्टँडावर गाडी घावत न्हाई! तिथं हरवलीस म्हंजी?"

हे मात्र साफ खोटं. दगडाबाईला वाचता येत नव्हतं, पण अख्खं मोंबासा तिला पाठ होतं. महिनाभर मेंढरं चारताना ती फोनवर संगीतानं बोलून धाडलेले निरोप ऐकत होती, पुन्हा पुन्हा, बॅटरी संपेपर्यंत. आता तिनं बोटं मोडत धडाधडा सांगितलं.

"नैरोबीला इमान बदलायचं. कागद कुनाच्या हातात द्यायचे न्हाईत." इथं तिनं तात्याबाकडं रोखून बघितलं. "रिक्षात बसायच्या आदी भाडं ठरवायचं. गर्दीत फोन भाईर काढायचा न्हाई, गळ्यात काय घालायचं न्हाई. पानी उकळल्याबिगर प्यायचं न्हाई. दिवस कलला की डासाचं मलम लावायचं. रस्ता इचारायचा तर आदी मानसाची खुशाली इचारायची, मंग रस्ता. आन कॅरीबॅग न्यायची न्हाई, तिकडं बंदी हाय."

म्हणूनच डिंकाचे लाडू आणि आळीव तिनं नवऱ्याच्या जुन्या धोतरात बांधले होते. बाकी तिला यातलं काही नवं वाटलंच नव्हतं. जन्म गेला दुसऱ्यांच्या शिवारात मेंढरं बसवण्यात. आधी गावकऱ्याला रामराम, खुशाली, मग पाण्याची चौकशी. अनोळखी तळ्याला तोंड लावायचं नाही. किडुकमिडुक कमरेला. संगीताचं एकच सांगणं तिनं ऐकलं नाही. तिकडं लई उकडतं, घोंगडं आणू नको, असं पोरगी म्हणाली होती. घोंगडं बोचक्यात सगळ्यात खाली होतं. बाळंतिणीला घोंगडं नको म्हणे! शहाणीच आहे.

"पाठ केलं म्हंजी झालं व्हय?" तात्याबा म्हणाला. "बाळंतीन म्हायेरात पायजे. म्हायेर काय काखेत मारून नेत्यात का?"

उत्तरेश्वरनं पुन्हा हॉर्न दिला. दगडाबाईनं बोचकं खाली ठेवलं आणि ती दिराच्या समोर येऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापुढं तिचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता आणि तिनं तो सारखा केला नाही.

"भावजी, संगीता कुठं जल्मली?"

तात्याबानं दाराकडं बघितलं.

"ती बी माझी पयलीच खेप व्हती. ह्या भिंती तवा कुठं व्हत्या? आपुन मेंढरं घिऊन वाटंवर. मला सिरसाळ्याच्या अल्याड कळा लागल्या. मी म्हनलं, दोन दिस थांबा. तुमी काय म्हनला?"

छबुबाई हसायची थांबली. तात्याबानं मान खाली घातली.

"मेंढरं थांबत नसत्यात, म्हनला. मला लिंबाखाली बसवलं, पान्याची घागर ठिवली आन फुडं गेला. तुमचा भाऊ बी मुकाट तुमच्या मागं गेला. तवा रीत कुठं गेलती, भावजी? तवा कुनी म्हायेर इचारलं न्हाई."

तिचा आवाज चढला होता. सव्वीस वर्षं दाबलेला संताप होता तो.

"बाजाराहून परतनाऱ्या एका मानसानं मला बघितलं आन माझ्या आईला सांगावा दिला. त्या म्हातारीनं ना कुनाला इचारलं ना रीत बघितली. तेलगावपसून सिरसाळ्यापातूर अनवानी आली, आन माझी संगीता तिच्या हातात पडली."

तिनं फायलीसाठी हात पुढं केला.

"मला तर निस्तं इमानातल्या खुर्चीत बसून जायचंय. उठा."